सायकलवरून पाहिलेले एक खोरे



या पानावर आपण माझ्याकडून बेणे, हुमणी, खोडव्याचे पाचट असलेच विषय वाचत आला आहात. या खेपेला जरा वेगळे लिहितो. गेल्या सप्टेंबरात, गाळपाची धांदल सुरू होण्याआधी, रजा काढून मी फ्रान्स देशात जाऊन आलो. माझा पुतण्या तिथे तुलूझ शहरी विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तो बरेच दिवस मागे लागला होता, "काका, शहर काय बघताय, तुम्हाला खेडी दाखवतो. पण सायकलवर." त्याप्रमाणे काओर या गावापासून फिझाकपर्यंत, लॉत नदी आणि तिला मिळणारी सेले नदी यांच्या काठाने, चार दिवसांत शंभराच्या वर किलोमीटर आम्ही सायकल मारली. वय पंचेचाळीस, पोट थोडे पुढे, तरी जमले.

कारखान्याच्या अंकात लिहायचे म्हणजे साखरेचा प्रश्न आधी निकालात काढलेला बरा. फ्रान्सात साखर बीटापासून होते. ती उत्तरेकडच्या सपाट, सुपीक मुलखात. तिथले मोठे साखर कारखाने बरेचसे शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचेच आहेत. ऊस होतो तो रियुनियनसारख्या त्यांच्या दूरच्या बेटांवर. आम्ही हिंडलो तो भाग दक्षिणेकडचा, चुनखडीच्या डोंगरांचा. तिथे ना बीट, ना ऊस. तेव्हा उताऱ्याचे आकडे या लेखात कोणी शोधू नयेत.

सायकल म्हणजे आपली दूध घालायची काळी सायकल नव्हे. फ्रेंच लोक तिला 'व्हेतेते' म्हणतात, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी सायकल. टायर जाड आणि खोल खाचांचे, पुढच्या चिमट्यात शॉकॲब्सॉर्बर, ब्रेक चकतीचे. मागच्या चाकाला लहानमोठी दहा-बारा दातेरी चक्रे. सगळ्यांत मोठ्या चक्रावर चेन टाकली की उभ्या चढावरही पाय फिरतो, मात्र वेग पायी चालणाऱ्याचाच राहतो. टायरात हवा जरा कमी ठेवतात, म्हणजे दगडगोट्यांवर पकड येते. बॅटरीवर चालणाऱ्याही मिळतात, पण तिथल्या नियमाने ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मोटर मदत करीत नाही. पुतण्याने स्वतः साधी घेतली आणि मला बॅटरीची दिली. याबद्दल कोणी हसू नये.

तुलूझला सायकली भाड्याने घेऊन आम्ही रेल्वेने काओरला उतरलो. लॉत ही सुमारे ४८० किलोमीटर लांबीची नदी. काओर गावाला ती तिन्ही बाजूंनी वळसा घालते. नदीवर दगडी पूल आहे, १३०८ साली सुरू झालेला आणि १३७८ साली पुरा झालेला, तीन उंच बुरुजांचा. सत्तर वर्षे काम चालले म्हटल्यावर गोष्ट तयार होणारच. बांधणाऱ्याने सैतानाशी करार केला म्हणे, की माझी सगळी कामे तू कर, पूल झाला की माझा आत्मा तुझा. काम संपत आले तेव्हा गडी हुशार निघाला. त्याने सैतानाला सांगितले, मजुरांना पाणी आणून दे, आणि हातात चाळण ठेवली. सैतान हरला. पण त्या रागाने तो मधल्या बुरुजाचा एक दगड रोज रात्री उपटायचा. १८७९ साली पुलाची दुरुस्ती झाली तेव्हा त्या कोपऱ्यात दगड उपटू पाहणारा लहानसा सैतान मुद्दाम कोरून बसवला आहे. मान वर करून पाहिला.

काओरची द्राक्षे आणि त्यांची काळसर लाल वाइन प्रसिद्ध आहे. आपल्या माळकरी सभासदांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण यात सहकार आहे म्हणून लिहितो. १८७० नंतर या भागात फायलोक्झेरा नावाची मुळावरची कीड आली आणि बागा उठल्या. माणसे देशोधडीला लागली. पुढे सावरून १९४७ साली नदीच्या खालच्या अंगाला पार्नाक या खेड्यात बागायतदारांनी सहकारी वाइन कारखाना काढला. जरा जम बसतोय तोवर फेब्रुवारी १९५६ मध्ये अशी थंडी पडली की जवळपास सगळ्या वेली मेल्या. पुन्हा मुळापासून लागवड! ती करताना आपल्या मातीची जुनी जात, माल्बेक, हीच मुख्य धरायची असे त्यांनी ठरवले, आणि १९७१ साली सरकारकडून 'काओर' या नावाचा हक्क मिळवला. आज ते नाव लावायचे तर वाइनमध्ये निदान ७० टक्के माल्बेक असावीच लागते. आपल्याकडे २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच की काओरवाले नावाबरोबरचे नियमही तितकेच कडक पाळतात.

काओर सोडून नदीच्या वरच्या अंगाला निघालो. डावीकडे उभे कडे, उजवीकडे नदी, मध्ये गाळाची पट्टी. तिच्यावर मका आणि अक्रोडाची झाडे. व्हेर नावाच्या गावाजवळ कड्यात कोरलेली एक सरळ खाच दिसते. पुतण्याने सांगितले, हा रोमन लोकांचा पाट. वरच्या झऱ्यांचे पाणी तीसेक किलोमीटर डोंगराच्या कडेकडेने काओरला नेले होते, दोन हजार वर्षांपूर्वी, केवळ उतारावर. आपल्याकडच्या पाटकऱ्याला दाखवावा असा आहे.

बुझिएस गावापासून पुढे जी वाट लागते ती या सगळ्या सहलीत मला सर्वांत आवडली. नदीच्या अगदी पाण्याला लागून कडा उभा आहे, पाय ठेवायला जागा नाही. अशा ठिकाणी १८४० च्या दशकात कड्याच्या पोटात खोबण पाडून वाट केली आहे. डोक्यावर खडक, एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला पाणी. कशासाठी? तर नावा ओढण्यासाठी. त्या काळी या खोऱ्याचा माल, मुख्यतः वाइनची पिंपे, सपाट तळाच्या नावांतून खाली बोर्डोच्या बंदराकडे जायचा. जाताना प्रवाह नेतो. येताना मात्र काठावरून दोर लावून नाव ओढावी लागे. त्या ओढणाऱ्यांची ही वाट. मग रेल्वे आली, नावा थांबल्या, १९२६ साली नदी जलवाहतुकीच्या यादीतूनच काढून टाकली. पुढे १९९० पासून काही भाग हौशी नावांसाठी पुन्हा खुला झाला. वाट मात्र तशीच राहिली. पायी चालणाऱ्यांचा मान पहिला, म्हणून आम्ही सायकली हातात धरूनच गेलो.

तिथून वर पाहिले की कड्यावर सँ-सिर्क-लापोपी गाव दिसते. पाण्यापासून शंभरेक मीटर उंच. गावात आमची शिरगणती बाहेरची म्हणूनच, कारण कायम राहणारी माणसे दोनशेच्या आसपास आणि पाहायला येणारे वर्षाला लाखांनी. घरे तेराव्या शतकापासूनची, उतरत्या छपरांची, लाकडी चौकटीची. पूर्वी हे गाव कातारी लोकांचे होते. बॉक्स नावाच्या झुडपाचे लाकूड फार चिवट; त्यापासून वाइनच्या पिंपांच्या तोट्या कातून ते विकत. पिंपाचा धंदा गेला, तोट्याही गेल्या. १९५१ साली आंद्रे ब्रतों या नामांकित कवीने इथे घर घेतले, चित्रकार आले, आणि गावाला दुसरा जन्म मिळाला. २०१२ साली फ्रान्सच्या टेलिव्हिजनवर लोकांनी आपले आवडते गाव म्हणून याचीच निवड केली.

माझे मत स्पष्ट सांगतो. गाव देखणे आहे, स्वच्छता तर घेण्याजोगी. पण गल्लीत मला एक गोठा दिसला नाही, एक कोंबडी दिसली नाही. दुकाने चित्रांची, मातीच्या भांड्यांची आणि आइस्क्रीमची. हंगाम संपला की बहुतेक खिडक्यांची दारे बंद. फ्रान्सात सर्वांत सुंदर खेड्यांची एक संघटना १९८२ सालापासून आहे. गावाची वस्ती दोन हजारांच्या आत आणि निदान दोन संरक्षित वास्तू, अशा तिच्या अटी. गोठ्याची अट नाही.

या ओसाडपणाला मोठे कारण आहे. या जिल्ह्याचे नावही लॉतच. १८५१ च्या सुमारास त्याची वस्ती तीन लाखांच्या जवळ होती. आज ती पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. म्हणजे पाच हजार चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र आणि माणसे आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढी. द्राक्षाची कीड, शहराची ओढ, आणि पहिल्या महायुद्धात गेलेले तरुण. प्रत्येक खेड्यात, कितीही लहान असो, त्या युद्धात पडलेल्यांच्या नावांचा दगड आहे. पंधरा-वीस घरांच्या गावात दगडावर तितकीच नावे पाहिली की सायकलवरून उतरावेच लागते.

तिसऱ्या दिवशी लॉत सोडून सेलेच्या खोऱ्यात वळलो. हे खोरे अरुंद आणि शांत. इथे माझ्या खात्याची एक गोष्ट भेटली, ती जरा विस्ताराने लिहितो. जागोजाग शेतात किंवा घराला लागून दगडी कबुतरखाने आहेत, काही चौकोनी बुरुजासारखे, काही खांबांवर उभे. मला वाटले शोभेचे असतील. पण ते खताचे कारखाने होते! मांसासाठी कबुतर पाळत हे खरे, पण मोठी कमाई विष्ठेची. द्राक्षाला, तागासारख्या पिकाला, तंबाखूला ते खत मोलाचे. चुनखडीची हलकी माती, जनावरे थोडी, मग नत्र आणणार कुठून? कबुतर दिवसभर चारी दिशांना चरून येते आणि रात्री नत्र घरात आणून टाकते. पुढे बाहेरून खते येऊ लागली आणि कबुतरे गेली. इमारती उरल्या. काही दुरुस्त करून त्यांत पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. एका ठिकाणी आम्ही राहायलाही विचारले, पण भाडे ऐकून पुढे निघालो.

काब्रेरे गावावर पेश मेर्ल नावाची गुहा आहे. १९२२ साली गावच्या दोन पोरांनी सरपटत आत शिरून ती शोधली. आतमध्ये भिंतीवर ठिपक्यांचे दोन घोडे काढले आहेत, सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचे. एका जागी त्या जुन्या काळच्या माणसाच्या पावलांचे ठसे चिखलात जसेच्या तसे आहेत. दिवसाला ठराविकच माणसे सोडतात, कारण माणसांच्या श्वासाने चित्रे खराब होतात. फोटो काढू देत नाहीत ते बरेच. नुसते पाहायचे.

गुहेच्या पुढे खोरे सोडून वरच्या पठारावर चढलो. दोनशे मीटरचा चढ, वाट सुट्या दगडांची. खरी व्हेतेतेची सायकल ती इथेच. या पठाराला ते 'कोस' म्हणतात. आपल्या अंतराच्या कोसाशी त्याचा संबंध नाही. खाली चुनखडी, तिच्यावर वीतभर माती, पाऊस पडला की पाणी फटीतून थेट खाली. वर ओढा नाही, विहीर नाही. म्हणून मेंढ्यांसाठी खडकात हौद कोरून ठेवले आहेत. सैनिकी सोडून बैरागी झालेल्या नांफेझ नावाच्या संताने ते कोरले, अशी लोकांची श्रद्धा. शेतातले दगड वेचून बांधांवर रचले आहेत, बिनचुन्याचे, कंबरभर उंचीचे. तसल्याच दगडांच्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या गोल झोपड्याही, मेंढपाळाला पावसात बसायला. ज्याने माळावर दगड वेचून ताल घातली आहे त्याला या भिंतींमागची पाठदुखी सांगायला नको.

दोन भिंतींच्या मधून वाट जाते. आठ-दहा फूट रुंद, चाकोरीचे खड्डे पडलेली. ही त्यांची पाणंद! त्या सगळ्या मुलखातले सायकलचे मार्ग म्हणजे मुळात हेच शेतरस्ते. नवीन काही बांधलेले नाही. कोपऱ्यावर एका खांबावर लहान पट्टी असते: एक त्रिकोण आणि दोन वर्तुळे. हिरवा रंग म्हणजे अगदी सोपी वाट, मग निळा, मग लाल, आणि काळा म्हणजे हाडे मोडायची तयारी ठेवा. आम्ही निळ्याच्या पुढे गेलो नाही.

मुक्काम एका मेंढपाळ शेतकऱ्याकडे होता. साठीचा माणूस आणि त्याची बायको. मेंढ्या तिथल्या जातीच्या, पांढऱ्या, पण डोळ्यांभोवती काळी वर्तुळे, जणू चष्मा लावलाय. जुन्या धान्याच्या कोठारात बाईंनी चार खोल्या पाहुण्यांसाठी केल्या आहेत. जेवण त्यांच्याच पंगतीला. पुतण्या मधे बसून दोन्हीकडे सांगत होता. मी ऊस विभागात आहे म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, रानडुकरे त्रास देतात का? मी म्हटले, हे काय विचारता! मग तासभर डुकरांवरच गेला. त्यांच्याकडे मक्याला विजेचे कुंपण घालतात आणि सप्टेंबरपासून शिकारी टोळ्या हाका घालतात. सायकलवाल्यांनी त्या दिवसांत भडक कपडे घालावेत आणि शिकारीची पाटी दिसली की वाट बदलावी.

नंतर वाटेचा विषय निघाला, तेव्हा मला खरी माहिती मिळाली. फ्रान्सात सुमारे ३५ हजार ग्रामपंचायती आहेत आणि असल्या गावरस्त्याची मालकी त्या पंचायतीची. पण वाट वापरात राहिली नाही तर जाहीर चौकशी करून पंचायतीला ती विकता येते. गावे ओस पडत गेली तशा कितीतरी वाटा अशाच शेजारच्या रानात गेल्या. मग १९८३ साली कायदा झाला. जिल्ह्याने चालण्याच्या वाटांची यादी करायची. यादीतली वाट विकायची तर तिच्याइतकीच चांगली दुसरी वाट आधी द्यायची. म्हणजे रविवारी हौसेने येणारा सायकलवालाही वाट जिवंत असल्याचा पुरावा ठरतो. शेतकऱ्याची तक्रारही होती. पोरे फाटक उघडतात आणि लावत नाहीत, मेंढ्या बाहेर. पण त्याने दुसरी बाजूही सांगितली. "वाट मोकळी ठेवतात त्या माझ्या मेंढ्या. त्या गेल्या तर चार वर्षांत इथे झुडूप होईल, मग सायकल कुठून न्याल?" त्याचा मुलगा शहरात नोकरीला आहे. परत येणार का, हे मी विचारले नाही. बाईंनीच सांगितले की पाहुण्यांच्या पैशाने घराचे छप्पर झाले, पण चूल मेंढ्यांवर चालते.

आपल्या कार्यक्षेत्रात दर हंगामात हा प्रश्न माझ्या टेबलावर येतो. ऊस तोडून फडात पडला आहे आणि पाणंदीत कोणी चर मारला किंवा बांध पुढे सरकवला म्हणून गाडी निघत नाही. वाळून वजन जाते ते दोघांपैकी एकाचे, आणि बोलणे बंद होते ते दोन्ही घरांचे. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, तहसीलदार अडथळा काढू शकतात. तरी अर्ज करायचा धीर फार थोडे करतात. नकाशावर तुटक रेघेने दाखवलेली वाट जमिनीवर आहे का, हे प्रत्येक गावाने या उन्हाळ्यात एकदा चालून पाहायला हरकत नाही.

चौथा दिवस उतरणीचा. पठारावरून खाली येताना बॉक्सची वाळकी झुडपे ठिकठिकाणी लागली. ज्या लाकडाच्या तोट्या होत, तेच हे झुडूप. पूर्व आशियातून आलेल्या एका पतंगाची अळी २००७ साली युरोपात प्रथम सापडली, तिने पुढच्या वर्षांत ती पानेच फस्त केली. काही ठिकाणी बुडातून नवा फुटवा दिसला. मार्सियाक गावी जुना मठ आहे, अर्धा पडलेला. छप्पर नसलेल्या भागात आकाश दिसते. एस्पान्याकच्या मठाच्या मनोऱ्याचा वरचा भाग दगडी नाही, लाकडी चौकटी आणि विटांचा आहे, आपल्या जुन्या वाड्यासारखा. तिथे नदीकाठी एक पंक्चर काढले. पुतण्या काढत होता आणि मी देखरेख केली.

फिझाक हे व्यापाऱ्यांचे जुने गाव. घरांच्या सर्वांत वरच्या मजल्याला पुढे भिंत नाही, नुसते खांब. तिथे कातडी, धान्य, कपडे वाळवत. इजिप्तची चित्रलिपी १८२२ साली ज्याने उलगडली तो शांपोल्यों याच गावात १७९० साली जन्मला. एका चौकात जमिनीवर त्या प्रसिद्ध रोझेटा शिलेची मोठी काळी प्रतिकृती १९९१ साली बसवली आहे. लोक तिच्यावरून चालत जातात. आम्हीही गेलो, सायकली कडेला लावून.

संध्याकाळच्या गाडीने सायकलींसह तुलूझला परतलो. आपल्यापैकी कोणाची मुले तिकडे असतील आणि जाण्याचा योग असेल तर जुलै-ऑगस्ट टाळावा, ऊन आणि गर्दी दोन्ही असते. नोव्हेंबरनंतर खेड्यांतल्या खानावळी बंद होतात. मे किंवा सप्टेंबर बरा. मांस न खाणाऱ्याने आधी कळवावे; कळवले तर अक्रोड, बकरीच्या दुधाचे चीज आणि डाळीचे सूप भरपूर मिळते. सायकलीबरोबर जादा ट्यूब घ्यावी, आणि वाटेतले फाटक उघडले तर मागे वळून लावावे.